ठोक्याला ठोका

शाहू स्टेडियमच्या फलकावर पूर्वी फक्त गोल दिसायचे. ह्यांचे किती, त्यांचे किती, आणि वेळ किती उरला. कोल्हापूरच्या माणसाला तेवढं पुरत होतं; बाकीचं तो आपल्या घशानं भरून काढायचा. पण त्या हंगामापासून गोलांच्या खाली आणखी एक आकडा झळकू लागला. तो खेळाडूंचा नव्हता, मॅनेजरचा होता. आणि सिद्धोबा तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर सर्जेराव साळोखे यांच्या नावापुढे, सामना कुठलाही असो, एकेचाळीसच्या आसपासच काहीतरी दिसायचं.

सर्जेराव हायस्कूलात खेळाचे मास्तर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. अर्ध्या पेठेला त्यांनी कवायत शिकवलेली, त्यामुळे प्रेक्षकांत बसलेले निम्मे लोक त्यांचेच विद्यार्थी. आकडा फलकावर आला की वरून कुणीतरी हाळी द्यायचं, "ओ सर, काठावर पास!" आणि सगळा स्टँड हसायचा. सर्जेरावही हात वर करून हसायचे.

"हसताय काय?" घरी आल्यावर त्यांच्या पत्नी शालनताई म्हणायच्या. "लोक तुम्हालाच हसायला लागलेत."

"मग मी एकट्यानं गंभीर राहून काय करू?" सर्जेराव बूट काढत म्हणायचे. पण जेवताना त्यांचं लक्ष ताटात नसायचं, आणि शालनताईंना ते दिसायचं.

गंमत अशी की हा आकडा काढणारं यंत्र तालमीत पहिल्यांदा आणलं ते सर्जेरावांनीच. तीन वर्षांपूर्वी मृण्मयी सरनोबत नावाची एक मुलगी सरावाच्या मैदानावर आली होती. विद्यापीठात जीवभौतिकीत संशोधन करणारी, पायात साधी चप्पल, हातात कापडी पिशवी. पिशवीत पातळ, पांढऱ्या बंड्या होत्या.

"सर, पोरांना जर्सीच्या आत ह्या घालायला सांगाल का? मला त्यांचे ठोके मोजायचेत."

"कशाला? आजारी दिसतात काय?"

"तसं नाही. भजनाला बसलेली माणसं बघितलीत ना तुम्ही? तास-दीड तास एकत्र गायली की त्यांचे श्वास एका मापात पडतात. श्वास जुळले की ठोकेही त्यांच्यामागून एकत्र वर-खाली होतात. हे सगळं जुनंच आहे. मला बघायचंय की कोणाचा ठोका कोणामागून जातो."

सर्जेरावांना पोरगी आवडली. त्यांनी बंड्या वाटून टाकल्या.

त्या बंडीच्या विणीत केसाहून बारीक तारा होत्या. ठोका, श्वास, घाम, सगळं त्यांतून टिपलं जायचं आणि मैदानाकडेच्या संगणकात उतरायचं. मॅनेजरच्या मनगटावर तसाच एक पट्टा. मृण्मयीनं दोन हंगाम नुसतं टिपण केलं, आणि मग तिला जे दिसलं त्यानं फुटबॉलच्या जाणकारांची झोप उडाली. संघावर गोल बसला की पोरांचे ठोके उधळतात, हे कुणीही सांगेल. पण ते उधळलेले असताना डोळ्यांचा पल्लाही आखडतो. बाजूला मोकळा उभा असलेला साथीदार दिसत नाही, पास चुकतो, आणि पहिल्या गोलामागोमाग दुसरा बसतो. संघ बहुतेक वेळा डावपेचांनी हरत नव्हते. सावरायला वेळ लागला म्हणून हरत होते. आणि संघ किती लवकर सावरतो हे पुष्कळसं एका माणसावर अवलंबून होतं. रेषेबाहेर उभ्या असलेल्या मॅनेजरवर. काही मॅनेजर असे, की त्यांचा स्वतःचा ठोका शांत झाला की पाठोपाठ एकेका पोराचा ठोका खाली यायचा, जणू कुणी अदृश्य दोरीनं ओढतंय. काही असे, की त्यांचं पोरांना काही पोचायचंच नाही. ही दोरी किती घट्ट, त्याला मृण्मयीनं शंभरपैकी एक आकडा दिला. त्याचं नाव लय-अंक.

तिनं तो शोधनिबंधात दिला. फुटबॉल संघटनेनं उचलून फलकावर टांगला.

पुढचं सांगायला नको. प्रत्येक तालमीच्या कमिटीला एकाएकी योग्य मॅनेजर म्हणजे काय ते कळलं. ज्यानं वीस वर्षं संघ सांभाळला त्याला घरी बसवलं, आणि ज्याचा अंक कुठल्यातरी शिबिरात चांगला पडला त्याला हार घालून आणलं. सिद्धोबा तालमीनं तरी सर्जेरावांना दीड हंगाम ठेवलं. त्यानंतर एका संध्याकाळी तालमीच्या माडीवर बैठक बसली. अध्यक्ष विक्रमदादा चाळिशीचा, सर्जेरावांचाच विद्यार्थी. त्याला बोलायला जड जात होतं. शेवटी त्यानं मृण्मयीकडे बघितलं.

"सर," ती म्हणाली, "गेल्या वर्षी जिल्ह्याच्या निवड संघाचं शिबिर झालं होतं. तिथला प्रशिक्षक आजारी पडला म्हणून ऐनवेळी एकांना बोलावलं होतं. आपली चार पोरं त्या शिबिरात होती. त्या चौघांचे ठोके त्या माणसामागे असे चालले, की मी यंत्र बिघडलं असं समजून पुन्हा तपासलं. अठ्ठ्याहत्तर. एवढा अंक मी कुणाचाच बघितलेला नाही."

"कोण?" सर्जेरावांनी विचारलं. पण त्यांना उत्तर माहीत होतं. शिबिरात कुणाला बोलावलं होतं हे सगळ्या शहराला माहीत होतं.

"मारुती सुतार," विक्रमदादा जमिनीकडे बघत म्हणाला.

 मारुती सुतार हे नाव सिद्धोबा तालमीत वीस वर्षं कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं.

"मी आणतो त्याला," सर्जेराव म्हणाले.

सर्जेराव आणि मारुती एकाच गल्लीत वाढले. एकाच दिवशी तालमीत आले, एकाच दिवशी पिवळी जर्सी अंगात घातली. सर्जेराव डावा बॅक, मारुती सेंटर हाफ. त्यांचे मॅनेजर होते कृष्णात वस्ताद. वस्ताद मुळात कुस्तीतले. फुटबॉलमध्ये आले ते तालमीनं सांगितलं म्हणून. लोखंडी घडीची खुर्ची टाकून रेषेशी बसायचे, गुडघ्यावर टॉवेल. ऑफसाइड त्यांना अखेरपर्यंत नीट कळला नाही. रेफरीनं शिट्टी मारली की शेजारच्याला विचारायचे, "आता काय झालं रं?" तरीसुद्धा त्यांच्या काळात सिद्धोबा तालीम चार वेळा अजिंक्य ठरली. पोरं त्यांच्यासाठी भिंतीतून आरपार गेली असती.

आणि मैदानाच्या आत वस्तादांचं काम मारुती करायचा. एका उपान्त्य सामन्यात सर्जेरावांच्या हाताला चेंडू लागला आणि समोरच्यांना पेनल्टी मिळाली. गोल झाला. दहा हजार लोक अंगावर ओरडत होते. सर्जेरावांना आपल्याच पायांचा पत्ता लागेना. तेव्हा मारुती सावकाश चालत आला.  नुसता मानेवर पंजा ठेवला आणि पुढं गेला, पुढच्याच्या मानेवर ठेवला, मग त्याच्या पुढच्याच्या. तोंडाशी आलेलं काळीज पुन्हा छातीत जाऊन बसलं. तो सामना ते जिंकले. चाळीस वर्षांपूर्वी मृण्मयीच्या बंड्या असत्या, तर त्या दिवशी काय आकडा पडला असता देव जाणे.

वस्ताद गेले. तालमीनं संघ सर्जेरावांच्या हाती दिला. ते शिकलेले होते, मास्तर होते, गल्लीतच राहत होते. मारुतीनं कुरकुर केली नाही. पण काही वर्षांनी काळभैरव तालमीनं त्याला मॅनेजर म्हणून बोलावलं आणि तो गेला. दोन मित्र समोरासमोरच्या बाकांवर बसू लागले. एका अंतिम सामन्यात काळभैरवनं सिद्धोबाला हरवलं, आणि त्या संध्याकाळी गल्लीतल्या पोरांनी मारुतीच्या घरावर दगड मारले. महिन्याभरात मारुती बायकोला घेऊन तिच्या माहेरी, गारगोटीकडे निघून गेला. तेव्हापासून त्या दोघांत बोलणं नव्हतं.

गारगोटीच्या अलीकडे मारुतीच्या मुलाची रोपवाटिका होती. सर्जेराव पोचले तेव्हा मारुती मांडी घालून काळ्या पिशव्यांत माती भरत होता. केस पांढरे झाले होते, खांदे तसेच रुंद.

"आलास?" तो म्हणाला, जणू कालच भेट झाली होती.

"आलो."

"बस. हात धुतो."

चहा झाला. मारुतीची बायको पार्वती दोन वर्षांपूर्वी गेल्याचं सर्जेरावांना ठाऊक होतं. ते कसं काढावं हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी यंत्राचंच सांगायला सुरुवात केली. शिबिरात मारुतीच्या मनगटावर बांधला होता तो पट्टा, पोरांच्या बंड्या, दोरी, फलक, सगळं.

"म्हंजे यंत्र म्हणतंय, सर्जा नालायक?" मारुतीनं विचारलं.

"तसं न्हाई म्हणत. पोरांचा ठोका माझ्यामागं येत न्हाई म्हणतंय."

"आणि माझ्यामागं?"

"अठ्ठ्याहत्तर."

मारुती खो खो हसला. "शाळेत कधी एवढे पडले न्हाईत, लगा!" मग हसणं ओसरलं. "तुला वाईट वाटलं असंल."

"गाव हसलं तेव्हा वाटलं. तुझं नाव निघालं तेव्हा न्हाई वाटलं. मी खेळलोय तुझ्याबरोबर. मला यंत्रानं सांगायला पायजे असं काय होतं?"

मारुती नखांत राहिलेली माती कोरत बसला. "त्या गल्लीनं माझ्या काचा फोडल्या, सर्जा. पार्वतीनं पदर खोचून सगळं घर झाडलं. तिला मी शब्द दिला होता की परत तिकडं पाऊल टाकणार न्हाई."

"मी आलो होतो त्या दिवशी."

"ठाऊक हाय. हाका मारत होतास."

"दार उघडलं न्हाईस."

"उघडलं असतं तर तुझ्या गळ्यात पडून रडलो असतो. बाहेर पोरं उभी होती."

 आतून मारुतीची सून आली, चहाचे कप घेऊन गेली.

"वस्ताद असते तर काय म्हणाले असते?" सर्जेरावांनी विचारलं.

मारुतीनं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. "तालमीचं काम हाय म्हणाले असते. चप्पल घाल आन् चल."

"मग?"

"गल्लीत न्हाई येणार मी. राजारामपुरीत माझा मेव्हणा राहतो, तिथं उतरंन. मैदानावर येईन, मैदानावरनं जाईन."

"चालंल," सर्जेराव म्हणाले.

कमिटीनं सर्जेरावांना सल्लागार हे नाव दिलं आणि बाकावर बसायची मुभा दिली. ते बसले नाहीत. पोरांना दोन तोंडांकडे बघावं लागू नये, असं त्यांनी विक्रमदादाला सांगितलं, आणि स्टँडमध्ये तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. मॅनेजर म्हणून पंचवीस वर्षं त्यांनी सामना जमिनीच्या पातळीवरून बघितला होता. वरून तो वेगळाच दिसला. पोरांचे पाय नव्हे, त्यांच्यामधली अंतरं दिसत होती. आणि मारुती रेषेशी उभा राहिला की ती अंतरं कशी आपोआप नीट होत जातात तेही दिसलं.

यंत्र खरं बोललं होतं. मारुतीचा अंक अठ्ठ्याहत्तरावरून त्र्याऐंशीपर्यंत गेला. सिद्धोबाच्या पोरांवर गोल बसायचा, पोरं चेंडू उचलून मध्यावर आणायची, आणि तोवर सावरलेली असायची. कप्तान विराज जाधव एकदा सर्जेरावांना वाटेत भेटला. चांगला पोरगा, पण फटकळ.

"सर, राग नका मानू," तो म्हणाला. "तुम्ही सांगायचा ते सगळं बरोबर असायचं. आम्हाला कळायचं. पण मारुतीकाका नुसते बघतात, आणि आत काहीतरी बसल्यागत होतं."

"राग कसला? मला चौदाव्या वर्षापासनं ठाऊक हाय ते."

हे त्यांनी मनापासून सांगितलं. तरी घरी जाताना त्यांनी लांबची वाट धरली. आपण जे चांगलं ओळखतो ते आपल्यात नसावं, याचं दुःख नेमकं कुणाला सांगावं?

मारुती दर संध्याकाळी सराव संपला की रिक्षानं राजारामपुरीला निघून जायचा. दोघांचं बोलणं व्हायचं ते चेंडूबद्दल, पोरांबद्दल. सर्जेरावांनी दोनदा घरी जेवायला बोलावलं. मारुती दोन्ही वेळा म्हणाला, "बघू."

सिद्धोबा तालीम अंतिम फेरीत गेली. समोर काळभैरव.

त्या दिवशी स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नव्हती. पिवळे झेंडे एका अंगाला, निळे दुसऱ्या अंगाला, मध्ये पोलिसांची रांग. सामना सुरू होण्याआधीच फलकावर मारुतीचं नाव आणि त्याच्यापुढं त्र्याऐंशी झळकलं, आणि पिवळ्या बाजूनं असा आवाज उठला की कबुतरं उडाली.

पहिला गोल काळभैरवचा झाला. सर्जेराव स्वस्थ होते. पोरं सावरतील. पण पोरं सावरली नाहीत. विराजनं मोकळ्या माणसाला सोडून गर्दीत पास दिला. गोलकीपरनं साधा चेंडू हातातून सोडला. मध्यंतरापर्यंत कसंबसं निभावलं, आणि मध्यंतरानंतर लगेच दुसरा गोल बसला. सर्जेरावांनी रेषेकडे बघितलं. मारुती उभा होता, पण मैदानाकडे बघत नव्हता. त्याची मान वळून फलकाकडे लागली होती. आकडा मात्र त्र्याऐंशीच्याही वर गेला होता. अठ्ठ्याऐंशी.

कुणीतरी पायऱ्या धडधडत वर आलं. मृण्मयी होती. धाप लागलेली.

"सर, खाली चला."

"काय झालं? पोरांना काय होतंय?"

"पोरांना काही होत नाही. मारुतीकाकांना होतंय. त्यांचा ठोका सामन्याच्या सुरुवातीपासून उधळलाय आणि पोरं त्यांच्यामागून उधळतायत." तिनं श्वास घेतला. "दोरी दोन्हीकडून ओढली जाते, सर. जो माणूस त्यांना इतक्या लवकर शांत करू शकतो, तो तितक्याच लवकर घाबरवूही शकतो. आकडा फक्त दोरी किती घट्ट ते सांगतो. पलीकडे काय बांधलंय ते नाही सांगत. मला हे सुचायला पाहिजे होतं."

"आजारी हाय काय तो?"

"आजार नाही दिसत. भीती दिसतेय."

सर्जेराव उतरले. सल्लागाराचा पास खिशात होता. तो पहिल्यांदाच बाहेर निघाला. बाकाशी पोचेपर्यंत त्यांनी काय करायचं ते ठरवलं नव्हतं. मारुतीचा दंड धरला आणि त्याला ओढून बाकावर बसवलं, फलकाकडे पाठ करून.

"काय झालं रं?"

 "माझ्या काळजाला काय झालं की ह्या अकरा पोरांच्या काळजाला होतंय, सर्जा. ती पोरगी सांगत होती एकदा. तेव्हापासनं डोक्यातनं जात न्हाई. आज ते वर बघितलं आन् वाटलं, मी आता भ्यालो तर? आन् मग भ्यालोच. आधी कधी भ्यालो न्हाई मी. आधी ठाऊकच नव्हतं काय करतोय ते."

सर्जेरावांना मॅनेजर म्हणून जे काही येत होतं त्यातलं काहीच त्या क्षणी कामाचं नव्हतं. डावपेच सांगून उपयोग नव्हता, धीर देणं तर त्याहून वाईट. त्यांनी मारुतीच्या मनगटावर हात ठेवला आणि मनात आलं ते बोलू लागले.

"गडहिंग्लजची स्पर्धा आठवती?"

"आता गडहिंग्लज कुठनं काढलंस, लगा? दोन गोल चढलेत!"

"वस्तादांनी चष्मा घरी ठेवला होता."

मारुतीनं त्यांच्याकडे बघितलं.

"मध्यंतराला टॉवेल खांद्यावर टाकून निघाले तरातरा," सर्जेराव म्हणाले, "आन् गेले ते सरळ समोरच्या संघात. घोळक्यात उभं राहून त्यांच्याच पोरांना शिव्या घालायला लागले. 'पळायला काय पैसं पडत्यात काय रं? आई-बापानं दूध पाजलं ते कुठं गेलं?' आन् ती पोरं बिचारी माना खाली घालून ऐकत्यात! त्यांच्या मॅनेजरला कळंना, मधी पडावं का गप बसावं. आपण हिकडं बसलोय, वस्ताद कुठं गेले म्हणून."

मारुतीच्या तोंडाचा कोपरा हलला.

"आन् दुसऱ्या हाफला—"

"—त्यांनीच आपल्याला तीन गोल मारले!" मारुती म्हणाला आणि फुटलाच. पोटातून, मागं रेलून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "आन् परत येताना टेम्पोत म्हणतोय कसा म्हातारा, 'पोरांनु, शिव्या लागू पडल्या, पण कुणाला पडल्या ती कळंना!'"

दोन म्हातारे अंतिम सामन्यात, दोन गोल खाल्लेले असताना, बाकावर बसून हसतायत हे बघून राखीव पोरांची तोंडं उघडी राहिली. मैदानात विराजनं वळून बघितलं. त्यालाही काही न कळता हसू आलं.

मृण्मयी आपल्या पडद्याशी परत पोचली होती. नंतर तिनं सांगितलं, की आधी मारुतीकाकांची रेघ खाली आली, मग विराजची, मग डाव्या बगलेच्या पोराची, मग एकेक करून सगळ्यांची. तळ्यावरचा वारा पडल्यावर पाणी शांत व्हावं तशी.

मारुती उठला. डोळे पुसले, रेषेशी गेला आणि मैदानाकडे बघत उभा राहिला. सर्जेराव बाकावरच बसले. मारुतीनं मागं न बघता विचारलं, "डावीकडनं पोकळी हाय का रं?"

"हाय. त्यांचा राइट बॅक दमलाय. चेंडू तिकडं घाल."

मारुतीनं हातानं खूण केली. थोड्याच वेळात डावीकडून चेंडू आत आला आणि विराजनं डोक्यानं गोल केला. सामना संपत आला तेव्हा दुसरा गोल झाला, गर्दीतून, कुणाच्या पायाला लागून ते कुणालाच नीट दिसलं नाही. बरोबरी झाली. टायब्रेकरमध्ये सिद्धोबा तालीम हरली.

हरली ते हरलीच. पण त्या संध्याकाळी सिद्धोबाच्या पोरांनी मान खाली घातली नाही. ती रांगेनं मारुतीजवळ आली, मारुतीनं एकेकाच्या मानेवर पंजा ठेवला. सगळी पोरं झाल्यावर तो बाकाकडे आला आणि सर्जेरावांच्याही मानेवर ठेवला. सर्जेरावांनी तेव्हा चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिले.

मृण्मयी दोघांच्या समोर येऊन उभी राहिली. "सर, पोरांचे ठोके मारुतीकाकांमागे जातात हे मी मोजलं. पण मारुतीकाकांचा ठोका कुणामागे जातो, ते मोजायचं माझ्या मनातच आलं नाही. तुमच्या हातात आज पट्टा नव्हता."

"म्हंजे पुरावा न्हाई," सर्जेराव म्हणाले.

"नाही. मी डोळ्यांनी बघितलं, एवढंच."

तिनं संघटनेला कळवलं की आकडा फलकावरून काढावा. जो मोजला जातोय त्यालाच तो दिसत राहिला तर मोजमापच बिघडतं, आणि माणूसही. संघटनेनं नेहमीप्रमाणे वेळ घेतला, पण पुढच्या हंगामाआधी आकडा काढला. बंड्या राहिल्या, पोरांच्या प्रकृतीसाठी. काही तालमींनी घरी बसवलेले जुने मॅनेजर परत बोलावले. काहींनी नाही.

पण हे सगळं पुढचं. त्या संध्याकाळी, अंतिम सामना संपल्यावर, स्टेडियम रिकामं होत होतं. झेंडेवाले झेंडे गुंडाळत होते. मारुतीनं पिशवी खांद्याला लावली.

"चल सर्जा. माझं काम झालं. सकाळच्या गाडीनं गारगोटीला जातो."

"जा की," सर्जेराव म्हणाले. "सकाळी पोरांना बोलावलंय मैदानावर, पाय मोकळे करायला. तेवढा सराव घेऊन जा."

"तेवढा घेतो."

"मग आज राजारामपुरीला कशाला जातोस? पहाटे लांब पडंल. शालननं तांबडा रस्सा केलाय, मगाशीच फोन आला."

मारुती थांबला.  समोर गल्लीकडे जाणारा रस्ता पिवळे झेंडे खांद्यावर घेतलेल्या पोरांनी भरला होता. त्यांतल्या कुणीतरी मारुतीला ओळखलं आणि वाट करून दिली.

"दोन भाकरी खाईन, जास्ती न्हाई," मारुती म्हणाला आणि चालू लागला.

सकाळी त्यानं सराव घेतला. सराव झाल्यावर सर्जेराव म्हणाले की परवा गोलकीपरला जरा बघायला पाहिजे, तेवढं बघून जा. मग कुणाच्या तरी लग्नासाठी राहा म्हणाले. मग नव्या पोरांची निवड आली.

याला आता तीन हंगाम झाले. मारुती अजून जायचाच आहे.